सात पौंड

दंडोब्याच्या तिसऱ्या वळणावर
काटा दोनशेतीसला जाऊन चिकटला
आणि गाडी शिट्टी घालायला लागली,
आधी बारीक, मग दूध उतू जाताना होते तशी,
मग तशीही नाही.
एकोणसाठ सालची, दोनच माणसांची, लाल.
माझ्या कुर्त्यावर हिरव्या पाण्याचे शिंतोडे.
शेळ्यांमागचा पोरगा म्हणाला,
"मॅडम, कळशी आणू? वता की गार पाणी."
मी हो म्हणणार होते.
फोनवर नेमगोंडा एवढंच म्हणाला,
"पाणी न्हाई. झाकणाला हात न्हाई. सावलीत बसा."

माधवनगर रस्त्याला त्याचं दुकान,
पितळ, ॲसिड आणि बिडीचा एकच वास.
रेडिएटर त्यानं टेबलावर आडवा घेतला,
झाकण उलटं करून स्प्रिंग अंगठ्यानं दाबली,
पुन्हा दाबली.
"हे कुणी घातलं?"
मीच. पंधरा पौंडाचं. पुण्याहून मागवलं.
दाब जास्त, तर पाणी उशिरा उकळतं म्हणे.
"खरंय की. पौंडाला दीड डिग्री धरा.
पाणी ऐकतंय ओ, पाण्याचं काय!
पण ह्यो डाख बगा.
ह्यानं सातचा शब्द दिलाय.
पंधराचा कुणाला दिलाय?"

वरची टाकी त्यानं तापवून सोडवली.
आत नळ्या,
निम्म्या बुजलेल्या, पिवळट, खरखरीत,
आमच्या विश्रामबागेतल्या बोअरचं पाणी
थराथरानं बसलेलं.
हे मी ओळखते.
रोज सकाळी दहा ते एक मी हेच खरवडते
लोकांच्या दातांवरून.
आणि कॅपही बसवते,
पण खाली पू असेल तर नाही बसवत,
आधी वाट करून देते,
ठणका उतरू देते.
एवढं शिकून
गाडीला मात्र
घट्ट झाकण आणून बसवलं.

नेमगोंडा हसला नाही.
डाखाची कांडी वितळताना म्हणाला,
मी आधी कारखान्याला होतो. बॉयलरवर.
गळिताचा हंगाम, जानेवारी,
साहेबाला वाफ पायजे, आणखी पायजे.
एका रात्री बगतो तर
सेफ्टी वॉल्व तारेनं बांधलेला.
"मग?"
"मग काय. पक्कड हुती खिशात."

पुढचं त्यानं हळू सांगितलं,
की वाफ अशी सुटली, की गावातली कुत्री उठली,
मिल दोन तास थांबली,
आणि सकाळी मेमो आला:
वाफ वाया घालवल्याबद्दल.
मेमो अजून आहे,
काउंटरमागे, भिंतीवर,
पितळी तारेच्या तुकड्याला अडकवलेला.
मी इतक्यांदा आले, मला वाटायचं लायसन आहे.

दोन रविवार सोडून आम्ही परत दंडोब्याला.
सात पौंडाचं झाकण, साधं,
त्याच्या ड्रॉवरमधलं, थोडं गंजलेलं.
तो शेजारी बसला, दरी बघितली नाही,
जंगल नाही, माझ्याशी बोलला नाही.
डोकं जरा वाकडं करून नुसता ऐकत होता.
तिसऱ्या वळणाला काटा एकशेनव्वद,
थोडा वर,
थोडा अजून वर,
माझा पाय आपोआप सैल झाला.
"सोडू नका. जाऊ द्या तिला.
तापणारच की. चढ हाय."

वर पोचल्यावर बॉनेट उघडलं
आणि दोघं लांब जाऊन दगडावर बसलो.
पिशवीतून भडंग काढलं त्यानं,
त्यात लसूण जास्त.
अर्धा तास.
मी तीनदा उठले, तीनदा त्यानं
"बसा" म्हटलं.

मग ओलं पोतं टाकून
पाव फेरा. फक्त पाव.
स्स्स्
करून काहीतरी लांबलचक सुटलं,
संपेना.
मी हात मागे घेतला.
तो भडंगाचा कागद चाचपत होता,
शेवटचे दोन शेंगदाणे माझ्याकडे सरकवत
म्हणाला,
"आवाज बंद हुईस्तोवर
उरलेला फेरा न्हाई."